जुनी मालमोटार दुरुस्त करावी की नवी घ्यावी?
(ओरत्तनाडुच्या एका ग्राहकाच्या निमित्ताने)

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. मराठी माणसाला या गावाची एक खूण जवळची वाटते. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्ताम्बा यांच्या नावाने एक भव्य छत्र बांधले. रामेश्वरच्या यात्रेकरूंना तेथे निवारा मिळे आणि अन्न मिळे. त्या काळी या रस्त्याने धान्याच्या बैलगाड्या चालत. आज त्याच रस्त्याने भाताची पोती आणि नारळ वाहणाऱ्या मालमोटारी चालतात. तमिळ मुलखात त्यांना 'लॉरी' म्हणतात.

या भागातील शाखेत काम करीत असताना, गेल्या वर्षी ऐप्पसीच्या पावसात एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. वय पन्नाशीचे. घरात तंजावरी मराठी बोलणारे कुटुंब. त्यांच्याजवळ २००९ साली नोंदलेली दहा चाकी लॉरी होती. वडिलांनी घेतलेली पहिली नवी गाडी तीच. हातातील पिशवीत दोन प्रकारची कागदपत्रे होती. एक, नामक्कलच्या कारागिरांनी दिलेले गाडीच्या संपूर्ण नूतनीकरणाचे अंदाजपत्रक. दुसरे, राहत्या घराचे खरेदीखत. त्यांचा प्रश्न सरळ होता : "गाडी नवी करून घेऊ, की नवी गाडी घेऊ? जे कराल त्यासाठी घर ठेवून घ्या."

असा प्रश्न आपल्या शाखांमध्ये केवळ ओरत्तनाडुलाच येतो असे नाही. कोल्हापूरचा ऊसवाहतूकदार असो वा नाशिकचा कांदा वाहणारा ट्रकमालक, प्रत्येकाला केव्हातरी या वळणावर उभे राहावे लागते. म्हणून त्या गृहस्थांच्या अनुमतीने, त्यांचे नाव न देता, आम्ही मिळून केलेला हिशेब येथे मांडीत आहे. आकडे त्यांच्या गाडीचे आहेत. वाचकांनी रीत घ्यावी आणि आकडे आपले घालावेत.

पहिला प्रश्न : कायदा काय म्हणतो?

गावात अशी समजूत पसरली होती की, पंधरा वर्षे झालेली प्रत्येक गाडी सरकार भंगारात काढते. हे खरे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये घोषित झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा आधार वय हा नसून योग्यता चाचणी हा आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी नोंदणी संपण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी वाहनांना. दिल्ली परिसरातील दहा वर्षांपुढील डिझेल वाहनांविषयीचे आदेशही त्या परिसरापुरते आहेत. तंजावर जिल्ह्यातील खाजगी मालमोटार चाचणीत उत्तीर्ण होत असेल तर ती चालविता येते.

परंतु वय वाढेल तसे कायद्याचे ओझे वाढते, हेही तितकेच खरे. आठ वर्षांपर्यंत योग्यता प्रमाणपत्राचे, म्हणजेच आपल्या भाषेत 'पासिंग'चे, नूतनीकरण दोन वर्षांनी होते. त्यानंतर ते दरवर्षी करावे लागते. पंधरा वर्षांपुढील अवजड वाहनासाठी या प्रमाणपत्राचे शुल्क एप्रिल २०२२ पासून एकदम १२,५०० रुपयांवर नेण्यात आले. जुन्या गाड्यांचे शुल्क वयानुसार चढते ठेवण्याचेच धोरण असल्याने, चालू दर परिवहन कार्यालयात विचारून मगच हिशेबात धरावा.

त्याहून महत्त्वाची बाब परवान्याची आहे. राष्ट्रीय परवाना साध्या दोन आसांच्या मालमोटारीला बारा वर्षे वयापर्यंत आणि बहुआसी गाडीला पंधरा वर्षे वयापर्यंतच मिळतो. आमच्या ग्राहकाच्या गाडीला २०२४ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. त्या दिवसापासून पट्टुक्कोट्टैचे नारळ उत्तरेकडे नेण्याचे काम तिच्या हातून गेले होते. इंजिन बिघडलेले त्यांना दिसत होते. उत्पन्नातला बिघाड मात्र परवान्यात होता आणि तो कोणत्याही कारखान्यात दुरुस्त होणारा नव्हता.

दुसरा प्रश्न : नूतनीकरणाने नक्की काय नवे होते?

अंदाजपत्रक असे होते : इंजिनचे संपूर्ण काम, डिझेल पंप व नोझलसह, १,९०,००० रुपये, गिअरबॉक्स, क्लच आणि क्राउन ९०,०००, ब्रेक व पाटे ७०,०००, केबिन आणि बॉडी २,५०,०००, सहा टायर १,२०,०००. एकूण ७,२०,००० रुपये.

या खर्चाचे दोन भाग पाडणे आवश्यक असते. इंजिन, ब्रेक, पाटे, टायर यांवरील खर्च गाडी सुरक्षित चालावी म्हणून आहे. नव्या केबिनवर आणि रंगरंगोटीवर केलेल्या खर्चाने मात्र भाडे एका रुपयानेही वाढत नाही. शिवाय जुन्या गाडीचे इंजिन कितीही उत्तम बांधले तरी ती ज्या प्रदूषण मानकाची आहे त्याच मानकाची राहते. २००९ साली या जिल्ह्यात नोंदलेली गाडी ही बी.एस.-२ मानकाची, एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बी.एस.-६ च्या. हे अंतर दुरुस्तीने भरून निघत नाही.

तीच गोष्ट वजनाची. जुलै २०१८ मध्ये आसांवरील भाराची मर्यादा वाढविण्यात आली आणि तीन आसांच्या दहा चाकी मालमोटारीचे एकूण अनुज्ञेय वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. पण रस्त्यावर ग्राह्य धरले जाते ते आपल्या आर.सी. पुस्तकात लिहिलेले वजन. पाटे जाड केल्याने पुस्तकातील आकडा बदलत नाही.

येथे एक सूचना द्यावीशी वाटते. इंजिन बदलणे किंवा बांधणीत फेरफार करणे यासाठी मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन कार्यालयाची नोंद लागते, आणि गाडी बँकेकडे नजरगहाण असल्यास बँकेची लेखी संमतीही लागते. नव्या इंजिनाचा क्रमांक पुस्तकात नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याची शक्यता असते.

तिसरा प्रश्न : गाडी महिन्याला किती किलोमीटर चालते?

हा प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर आले, "चार हजार तरी." लिटरमागे किती देते, यावर उत्तर आले, "चार." गाडीचा मीटर मात्र कित्येक दिवसांपासून बंद होता. आम्ही वर्षभराच्या डिझेल पावत्या मांडल्या. सरासरी महिन्याला ९०० लिटर डिझेल भरलेले निघाले. मग टाकी पूर्ण भरून, मोजलेल्या अंतरावर जाऊन येऊन, पुन्हा टाकी भरून पाहिली. गाडी लिटरमागे ३.१ किलोमीटर देत होती. म्हणजे महिन्याची धाव २,८०० किलोमीटरच्या आसपास होती. ज्या गाडीवर त्यांनी पंधरा वर्षे संसार चालविला, तिच्याविषयीचे त्यांचे दोन्ही आकडे चुकीचे होते. यात त्यांना कमीपणा देण्याचा हेतू नाही; परवाना गेल्यापासून काम किती आटले, हे रोजच्या धावपळीत कोणाच्याही ध्यानात येत नाही.

चौथा प्रश्न : किलोमीटरमागे कोणती गाडी स्वस्त?

येथे वाणिज्य शाखेतील एक साधे तत्त्व उपयोगी पडते. गाडीवर पूर्वी किती पैसे घातले, हे आज निरर्थक आहे. तो बुडीत खर्च होय. परंतु ती आज विकली तर किती येतील, हा आकडा मात्र हिशेबात धरलाच पाहिजे. कारण गाडी ठेवणे म्हणजे तेवढी रक्कम तिच्यात गुंतवून ठेवणे. त्यांच्या गाडीला चालू स्थितीत ४,५०,००० रुपये मिळत होते. चार वर्षांनी ती मोडीत दिल्यास २,५०,००० येतील असे धरले.

जुनी गाडी : दुरुस्ती ७,२०,००० अधिक आजची किंमत ४,५०,००० वजा मोडीची किंमत २,५०,०००, म्हणजे ९,२०,००० रुपये. चार वर्षांत विभागल्यास वर्षाला २,३०,०००. गुंतलेल्या सरासरी रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज ७१,०००. विमा ५०,०००, पासिंग व त्यासाठीची तयारी २०,०००. वर्षाचा स्थिर खर्च ३,७१,००० रुपये.

नवी गाडी : बॉडी, कर, नोंदणी धरून ३६,००,००० रुपये. आठ वर्षांनी १०,००,००० येतील असे गृहीत. वर्षाचा घसारा ३,२५,०००, सरासरी रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज २,३०,०००, विमा ८५,०००, पासिंग सरासरीने ५,०००. वर्षाचा स्थिर खर्च ६,४५,००० रुपये.

म्हणजे नवी गाडी नुसती दारात उभी राहिली तरी वर्षाला २,७४,००० रुपयांनी महाग आहे. हा फरक तिने रस्त्यावर भरून काढावयास हवा.

रस्त्यावरचा हिशेब असा. डिझेल ९२ रुपये लिटर धरू. नूतनीकरणानंतर जुनी गाडी लिटरमागे ३.६ किलोमीटर देईल असे मानले तर किलोमीटरमागे सुमारे २५.५० रुपयांचे डिझेल लागते. नवी गाडी ४.३ देईल असे मानले तर २१.४० रुपये. बी.एस.-६ गाडीला धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. त्याचे सुमारे ७० पैसे मिळविले तरी बचत साडेतीन रुपयांच्या जवळ राहते. देखभाल जुन्या गाडीची साडेचार रुपये, नवीची दोन रुपये. येथे अडीच रुपये. एकूण बचत किलोमीटरमागे सहा रुपये.

आता २,७४,००० ला सहाने भागले की सुमारे ४५,७०० किलोमीटर येतात. म्हणजे महिन्याला साधारण ३,८०० किलोमीटर. हाच समतोल बिंदू. गाडी याहून अधिक धावणार असेल तर नवी स्वस्त. कमी धावणार असेल तर जुनी स्वस्त. २,८०० किलोमीटरवर जुनी गाडी वर्षाला सुमारे ७२,००० रुपयांनी स्वस्त पडत होती. तीच गाडी नारळाच्या लांब पल्ल्यावर महिन्याला ६,००० किलोमीटर धावली तर नवी गाडी वर्षाला १,५८,००० रुपयांनी स्वस्त ठरत होती. यात नव्या गाडीच्या वाढीव वजनाचा लाभ धरलेला नाही. टनामागे भाडे मिळत असेल तर तो वेगळा मिळवावा.

पाचवा प्रश्न : हप्ता कोठून येणार?

खर्चाचा हिशेब आणि रोखीचा हिशेब या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आठ वर्षांत स्वस्त ठरणारी गाडी पहिल्या आठ महिन्यांत मालकाला बुडवू शकते, कारण कर्जाची परतफेड पाच-सहा वर्षांतच करावयाची असते.

डिझेल, चालक, क्लीनर, टोल आणि देखभाल वजा जाता नव्या गाडीवर किलोमीटरमागे १३ रुपये शिल्लक राहतील असा अंदाज निघाला. ग्राहकाची स्वतःची बचत ६,००,००० रुपये होती. जुनी गाडी विकून ४,५०,००० आले तर कर्ज २५,५०,००० रुपयांचे. दहा टक्के दराने, सहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ४७,२०० रुपये होतो.

महिन्याला ६,००० किलोमीटर धाव असेल तर शिल्लक ७८,००० रुपये. त्यातून विमा व पासिंगचे ७,५०० गेले की ७०,५०० उरतात. हप्त्याच्या जवळजवळ दीडपट. हे कर्ज बँकेने द्यावे आणि ग्राहकाने घ्यावे असे आहे. परंतु धाव २,८०० च राहिली तर उरतात २८,९००. हप्ता निघत नाही. नुसता हप्ता निघण्यासाठीच ४,२०० किलोमीटर हवेत, आणि त्यात घरखर्चाला एक रुपयाही नाही.

मग नूतनीकरणाचे कर्ज तरी झेपेल, असे वाटेल. तेही पाहिले. जुन्या गाडीवर किलोमीटरमागे शिल्लक सात रुपये. २,८०० किलोमीटरचे १९,६००. विमा-पासिंग गेल्यावर १३,८०० च्या आसपास. आणि ७,२०,००० रुपयांचे चार वर्षांचे कर्ज घेतल्यास हप्ता १८,३०० च्या जवळ. म्हणजे जो पर्याय स्वस्त आणि निर्धोक वाटत होता तोही आपला हप्ता कमावीत नव्हता. दोन्ही वाटांवर अखेर ते घराचे खरेदीखतच कामाला आले असते.

हा आकडा पाहून ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "म्हणजे मला गाडी नको, काम हवे." माझ्या मते या साऱ्या हिशेबाचे सार याच वाक्यात आहे. आधी भाडे, मग गाडी.

ओरत्तनाडुच्या संदर्भात ही गोष्ट अधिकच खरी आहे. कल्लणै कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या या भागात भाताचा हंगाम ठराविक असतो. कुरुवैचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि सांबाचे जानेवारीपासून पुढे येते. तेव्हा खरेदी केंद्रांवर गाड्यांची रांग लागते. मधले महिने गाडी उभी असते. नारळाचे काम वर्षभराचे. पण नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात पट्टुक्कोट्टै-ओरत्तनाडु भागातील असंख्य माड एका रात्रीत आडवे झाले, हे तेथील कोणी विसरलेले नाही. म्हणून किमान तीन हप्त्यांची रक्कम ठेवीत बाजूला ठेवूनच नवी गाडी घ्यावी, असा आमचा आग्रह असतो.

सहावा प्रश्न : सवलती आणि कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत २८ लाख असेल तर ही बचत २,८०,००० रुपयांची होते. टायरांवरील करही त्याच दिवसापासून १८ टक्के झाला, हे दुरुस्ती करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक आहे. त्याचा खर्च किमतीत येतो. चालक दिवसाचे बारा-बारा तास ज्या उष्म्यात काढतो तो पाहता हा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही.

जुनी गाडी नोंदणीकृत मोड केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखविल्यास नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. राज्यांचे निर्णय वेगवेगळे असल्याने आपल्या राज्यातील स्थिती विचारून घ्यावी. चालू गाडीला बाजारात मोडीपेक्षा बरेच अधिक मिळत असेल तर अर्थातच विक्री श्रेयस्कर.

प्राप्तिकराचाही एक मुद्दा आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या व्यावसायिकास अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. बारा टनांहून अधिक वजनाच्या गाडीसाठी हे उत्पन्न दरमहा दर टनास १,००० रुपये धरले जाते. म्हणजे २८.५ टनांच्या गाडीचे महिन्याला २८,५०० रुपये. ही पद्धत सोपी आहे. पण तिच्यात घसारा वेगळा मागता येत नाही. भाड्याने चालणाऱ्या मालमोटारीवर घसारा ३० टक्के दराने मिळतो. नव्या गाडीच्या पहिल्या वर्षांत घसारा आणि व्याज दोन्ही मोठे असल्याने, हिशेबवह्या ठेवून प्रत्यक्ष उत्पन्न दाखविणे लाभाचे ठरेल काय, हे आपल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे.

मधली वाट

नवे आणि जुने यांच्या मध्ये तिसराही पर्याय असतो : चार-पाच वर्षे वापरलेली बी.एस.-६ गाडी. परवान्याची पुष्कळ वर्षे शिल्लक, किंमत कमी. मात्र धूरशुद्धीची यंत्रणा, विम्याचा दाव्यांचा इतिहास आणि आधीच्या बँकेचा बोजा उतरल्याची आर.सी. पुस्तकातील नोंद तपासल्याशिवाय इसार देऊ नये.

आमच्या ग्राहकांनी काय केले?

केबिन आणि बॉडीचा विचार त्यांनी सोडून दिला. ब्रेक, पाटे आणि डिझेल पंपाचे आवश्यक तेवढे काम १,१०,००० रुपयांत स्वतःच्या पैशांतून केले. मीटर दुरुस्त करून घेतला. आम्ही त्यांना एक साधी वही दिली : तारीख, किलोमीटर, डिझेल, भाडे, खर्च, आणि गाडी उभी राहिली असल्यास कारण. सांबाचा हंगाम जुन्याच गाडीने पार पाडला. त्या काळात ते पट्टुक्कोट्टैच्या नारळ व्यापाऱ्यांना भेटत राहिले आणि राष्ट्रीय परवान्याची गाडी आल्यास दरमहा किती फेऱ्या देणार, हे एका जुन्या व्यापाऱ्याकडून लिहून आणले. ती वही आणि ते पत्र घेऊन ते पुन्हा शाखेत आले. त्यांचा अर्ज मी शिफारशीसह वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविला आहे.

घराचे खरेदीखत मात्र पहिल्याच दिवशी परत दिले होते. गाडीच्या कर्जाचे मुख्य तारण गाडीच असते. ती आपला हप्ता आपण कमाविणार असेल तर घराला हात लावण्याची गरज पडू नये, आणि ती कमाविणार नसेल तर घर गहाण ठेवून घेतलेली गाडी घरालाच घेऊन जाते. आपल्या शाखेत असा ग्राहक आला तर अर्जाचा नमुना देण्यापूर्वी त्याला एक वही द्यावी, एवढीच माझी सहकाऱ्यांना विनंती आहे.